अग्रशाळेत खोली मिळते का? गोव्यात बसून मराठीतून इंटरनेटवर कमवायचं असेल तर

फोंड्याच्या कदंबा स्टँडवर एका शनिवारी डोंबिवलीहून आलेलं एक कुटुंब भेटलं. आजी-आजोबा, दोन मुलगे, सुना, नातवंडं आणि सहा बॅगा. थिवीला उतरून म्हापसा, पणजी करत आले होते. त्यांची गाडी करमळीला थांबत होती, तिथे उतरले असते तर हा वळसा पडला नसता. थोरल्या सुनेने मला तीन गोष्टी विचारल्या. कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या जागेत, आयत्या वेळी खोली मिळते का? ओटीचं सामान देवळाजवळच मिळतं की इथूनच घेऊन जावं? आणि आजोबांचा शेवटचा प्रश्न तिने जरा संकोचून पुढे सरकवला: आमची शांतादुर्गा मूळची केळशीची म्हणतात, मग ती कवळ्याला कशी?

आदल्या रात्री तिने फोनवर शोधलं होतं. सापडलं काय, तर बागा, कलंगूट आणि ‘गोव्यातली १० ठिकाणं’.

मी घरी येऊन त्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा सासष्टी-तिसवाडीतल्या लोकांनी देव नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आणले, केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला आली, कुशस्थळीचा मंगेश असाच आला, वेर्ण्याची म्हाळसा अशीच म्हार्दोळला आली, हे शाळेत असल्यापासून ऐकलेलं. खोलीची चौकशी प्रत्यक्ष जाऊन केली. माझ्या साइटवर आजही सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच पान. म्हणून कोणी मला ‘ऑनलाइन कमाई कशी सुरू करू’ विचारलं की मी आधी जाहिरातींचं काहीच सांगत नाही. तुम्हाला लोक काय विचारतात, ते सांगा म्हणते.

आधी वही

लॅपटॉप नंतर उघडा. एक वही घ्या आणि आठवडाभर लोक तुम्हाला जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तुम्ही पेडण्यात राहत असाल तर मोपा विमानतळावरून सावंतवाडीला कसं जायचं हे तुम्हाला दहा वेळा विचारलं गेलं असेल. भाऊ पंचायतीत असेल तर घराच्या कागदांबद्दल विचारणारे असतील. आई चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करून देत असेल तर त्या किती दिवस टिकतात, कुरियरने पुण्याला पोचतात का, हे प्रश्न तिच्या फोनवर आधीच पडलेले असतील. असे तीस प्रश्न झाले की विषय ठरला. दहाच्या पुढे गाडी सरकत नसेल तर विषय तुमचा नाही, दुसरा बघा.

मग तेच प्रश्न गुगलमध्ये टाका. अर्धं वाक्य टाइप केल्यावर खाली जे आपोआप सुचतं ते वाचा. लोक खरोखर काय शोधतात ते तिथे दिसतं. पहिल्या पानावर मराठीत नीट उत्तर नसेल तर तुमची जागा रिकामी आहे. ‘गोवा हॉटेल’ किंवा ‘गोवा बीच’च्या मागे लागू नका. तिथे मोठ्या कंपन्या पगारी माणसं बसवून लिहून घेतात, तुमच्या-माझ्यासारख्याचा नंबर लागत नाही.

मराठी की कोकणी?

हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर सुरू झाला की दुपार जाते. पैशापुरतं बोलायचं तर गोष्ट सोपी आहे. गुगलची जाहिरात-सेवा अॅडसेन्स २०१८ पासून मराठी मजकुराला चालते. कोकणी तिच्या भाषांच्या यादीत नाही. कोकणीत लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, पण कमाई तिथे जाहिरातींवर नको, दुसऱ्या मार्गाने जोडा.

लिहिताना युनिकोडच वापरा, म्हणजे फोनवर टाइप होते ती मराठी. छापखान्यात वापरतात त्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला तर गुगलला तो निव्वळ चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं म्हणून दिसतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनमधला गुगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, मराठी बोललेलं बऱ्यापैकी उतरवून घेतो. आपलं बोलणं मात्र जरा शहरी करावं लागतं, ‘म्हार्दोळ’ म्हटलं की तो गडबडतो.

जागा घेणं

साइट उभी करायला दोन वाटा आहेत. गुगलचं ब्लॉगर फुकट आहे, सांभाळायला सोपं आहे आणि त्यावर अॅडसेन्स चालतं. वर्डप्रेसला होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचे, पैसे पडतात, पण मोकळीक जास्त. खिसा हलका असेल तर ब्लॉगरवर सुरू करा आणि फक्त स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विकत घ्या. घेताना पहिल्या वर्षाच्या भावाला भुलू नका, दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाला किती पडेल ते आधी वाचा. बहुतेकांची फसगत तिथेच होते. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर हवं. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या भाच्याच्या नावावर नको.

एक बारीक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, देवनागरीत ठेवली की ब्राउझरमध्ये छान दिसते. तीच व्हॉट्सअॅपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची तीन ओळींची माळ होते, आणि मावशी म्हणते, ‘अगो, हे व्हायरस तर नव्हे ना?’ लेख मराठीत, लिंक रोमन अक्षरांत आणि छोटी. शिवाय बरेच लोक मराठी शब्दच रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, त्यांनाही ती सापडते.

पहिला लेख

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा तुम्ही माटोळीवर, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं टांगून बांधतात त्या चौकटीवर, लिहिताय. ‘माटोळीचे सांस्कृतिक महत्त्व’ असा लेख दरवर्षी वर्तमानपत्रांत येतो, वाचून कोणाचं काही अडलेलं सुटत नाही. ज्याला खरोखर माटोळी बांधायची आहे तो पुण्यात वाढलेला पणतू असतो. या वर्षी गणपती त्याच्या घरी आलाय, म्हातारी माणसं गेली, आणि फोनवर काकी ‘कांगलां, सुपारीचे कातरे, तोरिंगण आण’ म्हणून मोकळी झाली. त्याला कांगलं म्हणजे काय तेच ठाऊक नाही. त्याला हवं आहे ते असं: प्रत्येक फळाचा फोटो, पांढऱ्या पंच्यावर ठेवून, शेजारी एक रुपयाचं नाणं, म्हणजे आकार कळतो. त्याचं नाव दोन-तीन गावांत काय म्हणतात ते. बाजारात कुठल्या बाजूला विकायला बसतात, आदल्या दिवशी सकाळी गेलं तर काय उरलेलं असतं. जड फळं चौकटीच्या कडेला की मधोमध, सुंभ की काथ्याची दोरी. हे सगळं तुमच्या आजोबांना विचारून दोन तासांत गोळा होतं, आणि मुंबईत बसलेल्या लेखकाला दोन महिन्यांत जमत नाही.

फोटो स्वतःचे काढा. दुसऱ्याचा उचललात तर आज ना उद्या तक्रार येते. गाभाऱ्यात कॅमेरा काढायचा नाही हे सांगायला नकोच, बाकी आवारातही विचारून. ड्रोन उडवायची हौस असेल तर आधी डिजिटल स्काय पोर्टलवर तुमचा भाग कुठल्या रंगात आहे ते बघा. दाबोळीला नौदलाचा तळ आहे.

आणि एआयकडून एका रात्रीत शंभर लेख लिहून टाकायचा मोह होईल. करू नका. अशा घाऊक मजकुरावर गुगलने मार्च २०२४ मध्ये धोरणच आणलं आहे, पूर्ण साइट शोधातून बाहेर जाऊ शकते. शिवाय त्याला कांगलं ठाऊक नसतं.

लेख कधी टाकायचा, हेही ठरवून करा. चवथीचा लेख चवथीच्या आदल्या आठवड्यात टाकला तर गुगलला तो ओळखेपर्यंत गणपती पाण्यात. मी आषाढी एकादशी झाली की चवथीचं लिहून टाकते, शिगम्याचं, म्हणजे आमच्या होळीच्या सणाचं, पौष-माघात. पर्यटनाचं जे काही असेल ते पावसात लिहा. नोव्हेंबरात लोक शोधायला लागतात तेव्हा पान जुनं होऊन रुजलेलं असतं.

साइट सुरू झाली की गुगलचं सर्च कन्सोल जोडा, फुकट आहे. कुठल्या शब्दांवर लोक आले, किती जणांना तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी उघडलं, हे तिथे कळतं. दिसलं खूप पण उघडलं कमी, तर मथळा बदला.

अॅडसेन्स

वीस-पंचवीस चांगले लेख, ‘आमच्याविषयी’, संपर्क आणि प्रायव्हसी पॉलिसीचं पान झालं की अर्ज करा. वय १८ पूर्ण लागतं. त्याहून लहान मुलांनी आई-वडिलांच्या नावावर खातं काढावं, पण मग पैसेही त्यांच्याच बँकेत येतात, यावरून घरात आधीच बोलून घ्या.

खात्यात १० डॉलर जमले की गुगल टपालाने एक पिन पाठवतं, पत्ता खरा आहे ना ते तपासायला. आता आपल्याकडचे पत्ते! मी पहिल्यांदा वाड्याचं नाव आणि घर नंबर लिहिला, पोस्ट ऑफिसचं नाव चुकलं. पाकीट गेलं कुठे ते देवाला माहीत. पोस्टमन बाब आम्हाला घर नंबराने ओळखतच नाही, वडिलांच्या नावाने ओळखतो. दुसऱ्या वेळी पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत ‘अमक्याच्या दुकानाजवळ’ आणि बरोबर पिनकोड घातला, तीन आठवड्यांत आलं. पहिला आला नाही तर पुन्हा मागवता येतो, घाबरू नका.

पैसे हातात पडतात ते १०० डॉलर झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान, वायर ट्रान्स्फरने. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा संकेतांक, लागतो. गावातल्या पतसंस्थेचं किंवा छोट्या सहकारी बँकेचं खातं दिलंत तर अडचण होते, सरकारी बँकेच्या शाखेत आधी विचारून घ्या. पैसे कशाचे ते विचारलं तर जाहिरातीचा हेतू-संकेतांक पी १००७ सांगा.

१०० डॉलर व्हायला किती वाचक लागतात? हिशेब करून बघू. समजा हजार पानं बघितली गेल्यावर तुम्हाला ४० रुपये मिळतात आणि डॉलर ८५ रुपये धरला. ८,५०० रुपयांसाठी २ लाख १२ हजार पानं वाचली जायला हवीत. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील, पण अंदाज येतो. नव्या साइटला तिथवर पोचायला वर्ष लागलं तर त्यात काही नवल नाही. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचं नाही, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला ‘जरा दाबा गो’ म्हणायचं नाही. खातं बंद होतं आणि साठलेले पैसेही जातात.

खरी पहिली कमाई: बाजारातली दुकानं

मला पहिला रुपया जाहिरातीतून मिळालाच नाही. तो आला आमच्या ओळखीच्या एका भुसारी दुकानदाराकडून, आणि रुपया कसला, दोन किलो काजू.

त्याच्या दुकानाला गुगल मॅपवर दोन तारे होते. तक्रारी वाचल्या तर सगळ्या एकच: ‘मॅपवर उघडं दाखवतं, दुपारी गेलो तर बंद.’ गोव्यात दुपारी एक ते चार दुकान बंद असतं हे दिल्लीच्या माणसाला कुठे ठाऊक? दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, ‘आमी दोनपारां न्हिदतात, तें गुगलाक कोण सांगतलो?’ मग मी सांगितलं. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे मॅपवर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीत, एका दिवसाला दोन वेळा घालता येतात, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. जत्रेचे, चवथीचे, नाताळचे दिवस ‘विशेष वेळा’ म्हणून आधीच भरून ठेवता येतात. दहा नीट फोटो, भावासह मालाची यादी, आलेल्या प्रत्येक तक्रारीला दोन ओळींचं सभ्य उत्तर. चार महिन्यांत तारे वर आले.

हे काम तुम्ही उद्यापासून करू शकता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारा, मॅप उघडून दुकान आणि स्क्रीन ताडून बघा. नंबर चुकीचा, नाव इंग्रजीत भलतंच, फोटोच्या जागी समोरची गटार, असं हमखास सापडेल. प्रोफाइल नसेल तर नवीन काढा. हल्ली पडताळणीला बहुधा दुकानाचा, पाटीचा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो, तेव्हा मालकाला सोबत घ्या. मालकी त्याच्या ईमेलवर ठेवा आणि स्वतःला फक्त ‘मॅनेजर’ म्हणून जोडून घ्या, म्हणजे उद्या भांडण झालं तरी दुकान त्याचंच. महिन्याला दीड-दोन हजार मागायला लाजू नका. काजू घरी चालतात, पण वीजबिल काजूंनी भरता येत नाही.

खोटे अभिप्राय लिहून द्या असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. गुगल काढून टाकतंच, शिवाय ती ग्राहकांची फसवणूक आहे.

तुमच्या साइटवर थोडे वाचक आले की हेच लोक तुमचे जाहिरातदार होतात. कुळदेवाच्या लेखाखाली फोंड्यातली शाकाहारी खाणावळ, वयस्कांना घेऊन जाणारा टॅक्सीवाला, अभिषेकाचं सामान पोचवणारी बाई. महिन्याचा ठरावीक आकडा घ्या आणि पान कामाचं आहे हे दाखवा. खाणावळवाल्याला सांगा, ‘फोन करणाऱ्याला विचार, कुठे वाचलंत?’ तो वहीत रेघ मारतो, महिनाअखेरी रेघा मोजायच्या. होमस्टेची जाहिरात घेताना पर्यटन खात्याची नोंदणी आहे का ते विचारा. गोव्यात १९८२च्या कायद्याने ती लागते. आणि मालाचं नाव जपून लिहा. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्याच मालाला लावता येतं. मानकुराद आंबा आणि बेबिंका या मिठाईलाही आता ते आहे. बेळगावहून आलेल्या आंब्याला मानकुराद म्हणून खपवणाऱ्याच्या पैशाचा मोह नको.

बाकीचे झरे, थोडक्यात

अॅफिलिएट म्हणजे तुमच्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली तर तुम्हाला टक्केवारी. अॅमेझॉनवर सुरुवातीच्या १८० दिवसांत निदान तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, म्हणून वाचक यायच्या आधी अर्ज करू नका. लिंक दाबल्यापासून २४ तासांत वस्तू घेतली किंवा निदान कार्टमध्ये टाकली तरच धरतात. पावसाळ्यात टिकणारी छत्री, समया पुसायची पावडर, जे तुम्ही घरी वापरता तेच सांगा.

ई-पुस्तक काढायचं असेल तर किंडलवर मराठी २०१६ पासून चालतं. मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवं तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, आणि त्या ९० दिवसांत तोच मजकूर इंटरनेटवर दुसरीकडे नको. साइटवरचेच लेख गोळा करून पुस्तक करणारे इथे अडकतात.

यूट्यूबला जाहिरातीच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं लागतं, किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू. साध्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे. अमेरिकेतले नातेवाईक बघत असतील तर कराचा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरा, म्हणजे त्यांच्या बघण्यातून आलेल्या कमाईवर १५ टक्केच कापले जातात.

पैसे किंवा फुकट जेवण घेऊन काही लिहिलंत तर ते ‘जाहिरात’ म्हणून वर स्पष्ट लिहा, तळाला बारीक अक्षरांत नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेलाच १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कमाई प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायची. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. तिथवर पोचलात की सीए परवडतो.

आणि जो कोणी ‘आधी ४,९९९ भरा, मग रोज घरबसल्या कमवा’ म्हणतो, व्हिडिओ लाइक करायचे पैसे देतो, किंवा खाली तीन माणसं जोडायला सांगतो, त्याच्याकडे पाठ फिरवा. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

जुनी पानं

नवीन लिहिण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, पण करावंच लागतं. माझ्या त्या पहिल्या पानावर अग्रशाळेचा एक फोन नंबर होता. तो बदलला आणि मला कळलंच नाही. एका रात्री साडेअकराला फोन आला. साइटवरच्या संपर्काच्या पानावरून माझा नंबर काढला होता, मागे मूल रडत होतं. ‘ताई, तुम्ही दिलेला नंबर लागत नाही, आम्ही करमळीला उतरलोय.’ मी त्यांना रिक्षावाल्याचा नंबर दिला, खोली एका ओळखीच्या घरी लावून दिली आणि रात्रीच पान दुरुस्त केलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मंगेशीला पालखीला जायच्या आधी, साइटवरचा प्रत्येक नंबर स्वतः फिरवून बघते. एकूण ४१ आहेत, दीड तास जातो.